जपाच्या डबीचा चार्जर

मलेशियातल्या इपोहच्या आमच्या गल्लीत फाटकं रिमोटने उघडतात आणि उघडली नाहीत की शिव्या मला पडतात, कारण ती बसवली मीच. जवळजवळ सहा आठवडे कुणाचंच रिमोट धड चालत नव्हतं. मी सेल बदलले, मोटारी खोलल्या. दोष कुठेच सापडेना.

मग ओंग तेइक हिन माझ्या अंगावर धावूनच आला. "फाटक गेलं खड्ड्यात, मुत्तय्या! आईच्या गळ्यात बिनतारी घंटीचं बटण आहे, पण माझ्या खिशातली घंटीही वाजत नाही. काल ती न्हाणीघरात पडली. तासभर बटण दाबत होती आणि मी पुढच्या खोलीत नूडल्स ओरपत होतो!"

माझा राग तिथल्या तिथे ओसरला.

कुठलं तरी यंत्र हवेत गोंगाट करत होतं, हे उघड होतं. छोटा रेडिओ घेऊन मी दारोदार फिरलो. खरखर वाढेल तिकडे पाऊल. ओंगला लागूनच असलेल्या स्यू लान आंटीच्या दारात रेडिओ किंचाळायला लागला.

"हीच होय!" ओंग चपलांसकट आत घुसला.

आत आंटीच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे जपाची डबी चालू होती. अहोरात्र अमिताभ बुद्धाचं नाव घेणारी. डबी बिचारी निर्दोष. तिचा स्वस्तातला चार्जर सगळी खरखर ओकत होता.

"आंटी, दहा मिनिटं बंद करतो. वायर कथलाचा डाग देऊन जोडलीय, ती तोडून दुसरा चार्जर लावतो."

"ते जाऊन आज एक्केचाळिसावा दिवस," आंटी डबीपुढे आडवी आली. "एकोणपन्नासपर्यंत खंड नको. नाहीतर त्यांना पुढच्या जन्माची वाट सापडायची नाही."

"मग तोंडाने म्हणा ना!" ओंग खेकसला.

"म्हणायला गेले की रडू फुटतं रे. माझं रडणं ऐकलं तर ते मागे फिरतील."

ओंगने चपला दाराबाहेर ठेवल्या, फोटोपुढे मांडी घातली आणि भसाड्या आवाजात नाव घ्यायला लागला. मी चार्जर उपटला.

थोड्याच वेळात त्याच्या खिशात किणकिण झाली. आईची घंटी! ओंगचे डोळे भरले, पण नाव सोडून उठायची त्याची छाती होईना. तो माझ्याकडे बघत राहिला. आंटीही.

मी मुरुगनचा भक्त. बुद्धाचं नाव जन्मात घेतलं नव्हतं.

"पळ," मी म्हटलं आणि डाग देता देता सुरू झालो.

एवढ्यात भिंतीपलीकडून ओंग ओरडला, "काही झालं नाही! माझा आवाज ऐकून आईने घंटी दाबली. विचारतेय, तिचा नास्तिक पोरगा कधीपासून जप करायला लागला?"

आंटी हसली. एक्केचाळीस दिवसांनी हसली असेल. मलाही हसू येत होतं, पण डाग अजून गार व्हायचा होता आणि तोवर नाव थांबवता येत नव्हतं.