मोना नावाचं काय करायचं

माझं नाव मोना. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणी मला त्या नावानं बोलावेल याची खात्री नाही. आधार कार्डावर, बँकेत, घरी येणाऱ्या लग्नाच्या पत्रिकांवर मी कीर्ती आहे. शहापूरला हायवेला लागून आमचं बी-बियाणांचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरही 'कीर्ती कृषी केंद्र' असंच लिहिलेलं आहे. रायपूरला जाणारे ट्रकवालेसुद्धा ते नाव वाचत जातात. पाटीवर नाव लागलेल्या बाईला कसलं आलंय दुःख, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

नाव ठेवायचा मान खरं तर आत्याचा. पण माझी आत्या बारशाला पोचलीच नाही आणि आईनं, कुंताबाईनं, जे नाव मनात धरलं होतं ते चांगलं लांबलचक होतं. माझे बाबा टिकाराम, आसगावचे, तलावाखाली धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, असलेला साधा माणूस. त्यांनी म्हणे एकच प्रश्न विचारला, "पाळीवरून हाक मारता येईन का?" तलावाची पाळ, म्हणजे बांध, उंच आणि बांध्या खाली लांबवर पसरलेल्या. रोवणीच्या चिखलात वाकलेल्या माणसापर्यंत जे पोचेल ते नाव. मोना पोचत होतं, म्हणून मोना.

तेव्हापासूनच त्या नावावर गावात दोन तट. गुरुजी म्हणाले, "सुटसुटीत आहे, पोरगी आठवड्यात लिहायला शिकेल." शेजारच्या जनाबाईला ते अजिबात पटलं नाही. "ना देवाचं, ना फुलाचं, ना नदीचं. मोना म्हंजे काय वं?" असं ती मलाच विचारायची, जसं काही मीच ते निवडून आणलं होतं. मी दहाएक वर्षांची असताना आई गेली. मग माझ्या वेण्या जनाबाईच घालायची आणि घालता घालता "मोने, मान सरळ ठेव" म्हणून टपली मारायची. ज्या नावाला ती उभा जन्म नावं ठेवत राहिली, तेच तिच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनी शहापूरचे लोक मला पाहायला आले. मी पोहे घेऊन गेले. सासरे पुंडलिकराव यांनी नाव विचारलं. मी सांगितलं.

"मोना. बस्स? पुढं काही नाही?"

"नाही जी, इतलंच आहे," बाबा म्हणाले, जणू घरात पोहे संपले असावेत.

"बरं आहे. हाक मारली का संपलं," सासरे हसून म्हणाले. मला तेव्हाच तो माणूस आवडला.

सासूबाईंचं, राधाबाईंचं, मत वेगळं होतं. "आमच्या मोहाडीच्या भावाकडं मोना नावाची कुत्री होती," त्या म्हणाल्या. "भाकर टाकली का शेपूट हालवत ये." चुलतसासरे मधुकरराव म्हणाले, की पत्रिकेवर ते नाव फार रिकामं दिसेल. नणंद म्हणाली, "मले तर आवडलं बाई. फिल्मी आहे." त्यावर सासूबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. नणंदेचं नाव रीता. ते कोणत्या पोथीत सापडलं होतं ते मी विचारलं नाही. पोहे देणाऱ्या मुलीनं प्रश्न विचारायचे नसतात.

मला ज्याचं मत ऐकायचं होतं तो अंकुश, म्हणजे माझा होणारा नवरा, समोरच बसला होता. त्यानं पोहे खाल्ले.

लग्नानंतर घरात पाऊल टाकलं, लक्ष्मीपूजन झालं आणि तांदळानं भरलेलं ताट समोर आलं. आपल्याकडे नवरीचं नवं नाव त्या तांदळात अंगठीनं लिहितात, तुम्हाला माहीतच असेल. अंकुशनं अंगठी धरली आणि सासूबाईंनी मागून अक्षरं सांगितली. कीर्ती. बायांनी साखर वाटली. मोहाडीच्या मामी म्हणाल्या, "आता कसं भारदस्त वाटते." ते तांदूळ दुसऱ्या दिवशी पंगतीच्या भातात गेले.

नाव बदललं म्हणून मी काही रडत बसले नाही, खोटं कशाला बोलू. सगळ्यांचीच बदलतात. मला वाटलं, हे नाव सासरचं, तर सासरी वापरायचं. माहेरी गेलं की मोना आहेच. एक चांगली साडी, एक घरातली साडी, तसं. पण पहिल्याच दिवाळीला बाबा मला न्यायला आले आणि सगळा घोटाळा झाला.

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. बाबा पायरीवर उभे राहिले आणि सवयीनं हाक मारली, "मोना!" आवाज पाळीवरून हाक मारायचा, दुकान केवढं! सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि आपल्या व्याह्यांना हसतच म्हणाल्या, "इवाईबुवा, आमच्या घरी मोना कोणी राह्यत नाही."

बाबांनी हात जोडले. "चुकलो जी," म्हणाले.

ते जोडलेले हात मला अजून दिसतात. परतताना एसटीत ते माझ्याशेजारी बसले होते, खिडकीकडे तोंड करून, आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण चाललं असेल. कान दिला तर "कीर्ती, कीर्ती, कीर्ती" असं चाललं होतं. भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत तो माणूस आपल्याच लेकीचं नाव पाठ करत होता.

घरी पोचल्यावर त्यांनी गल्लीत सगळ्यांना बजावून सांगितलं, आता हिला कीर्ती म्हणायचं. जनाबाई भडकली. "बाजारात बैल विकला तरी त्याचं नाव तेच राह्यते, टिकाराम. आन हे तर लेकरू आहे."

"तिच्यासाठीच आहे ना वं," बाबा म्हणाले. "माझी जीभ घसरली का बोलणं तिले बसते. इथं मोना म्हनत राह्यलो तर तिथं बी तोंडातून तेच निघंन."

मी तिथेच उभी होते. "मले बसू द्या बोलणं" असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मला वाटलं, बाबांनाच ते नवं नाव मोठ्या घरचं वाटत असेल, लेक चांगल्या ठिकाणी पडली याचा त्यांना आनंद असेल. मी गप्प राहिले. आणि आमच्या घरात एकदा गप्प बसायचं ठरलं की ते वर्षानुवर्षं चालतं.

जनाबाईनं मात्र कोणाचं ऐकलं नाही. मी माहेरी गेले की ती दारातूनच ओरडायची, "आली का वं मोने?" ती गेली त्या दिवशी मी तिच्या सुनांपेक्षा जास्त रडले. लोकांना नवल वाटलं. त्यांना काय सांगणार, की तुमची जनाबाई गेली आणि माझी मोनाही गेली.

शहापूरचं माझं काही वाईट चाललं नाही. नवरा हात उगारणारा नाही, दारू पिणारा नाही. मुलगा झाला, नीलेश, तो आता पुण्याला नोकरीला आहे. सासरे गेले, मागून सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारात मीच त्यांचं सगळं केलं आणि त्याही शेवटपर्यंत कीर्ती-कीर्ती करत होत्या. मायेनं करत होत्या, हेही सांगायला हवं. त्यांचं तेरावं झाल्यावर एकदा जेवताना मी अंकुशला म्हटलं, "आता मले मोना म्हनत जा ना."

तो हसला. "आता ह्या वयात? आन पाटी कोण बदलवंन?"

मीही हसले. नीलेशला एकदा फोनवर सांगितलं, की माझं खरं नाव मोना होतं. "क्यूट आहे मम्मी," तो म्हणाला आणि त्याला दुसरा फोन आला. दुपारी दुकानात कोणी नसलं की मी काउंटरशी बसून असायची. हायवेवरून गाड्या जायच्या. भरल्या घरात एकटं वाटणं म्हणजे काय, ते ज्याला वाटतं त्यालाच कळतं. बाकीच्यांना ती बाईची नाटकं वाटतात.

यंदा धान कापणीच्या आधी बाबा बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. मग त्यांना आसगावला आणलं आणि मीही राहायला गेले. अंकुश म्हणाला, "लागतील तितले दिवस राह्य." घरात आम्ही दोघंच. बाबांची खाट सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत. मी आत-बाहेर करत असायची. "कीर्तीबाई, पाणी दे." "कीर्तीबाई, जरा उशी सरकव." लग्न झालेली लेक म्हणून वर 'बाई' सुद्धा लावायचे.

एक दिवस त्यांचे पाय दाबता दाबता मी म्हटलं, "बाबा, इथं कोणी नाही. मोना म्हना ना."

त्यांनी दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं, कोणी उभं तर नाही ना म्हणून.

"सासूबाई गेल्या बाबा."

"माहीत आहे ना. तेराव्याले नव्हतो का आलो मी." मग ते म्हणाले, "जीभ वळत नाही बाई. लय मेहनतीनं सोडलं ते. बांधीत एकटा असलो का मोठ्यानं कीर्ती, कीर्ती म्हनत राहू. बैल मान वळवून पाह्यत."

"मले वाटलं तुम्हाले ते नाव आवडते."

"मले?" ते उठूनच बसणार होते. "मले वाटलं तुले आवडते! तू कधी बोलली का?"

"तुम्ही कधी विचारलं का?"

झालं. एवढ्यावर आमचं बोलणं थांबलं. माझा स्वभाव तापट आहे, बाबांचा माझ्याहून वरचढ. त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला विसरले आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. मला फार राग आला होता, पण तो कोणाचा तेच कळत नव्हतं. सासूबाईंचा म्हणावा तर त्या माझ्या हातावर गेल्या. बाबांचा म्हणावा तर त्यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलं. अंकुशनं तर कधीच काही केलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस बाबा मला कुठल्याच नावानं बोलवेनात. पाणी हवं असलं की नुसते खोकायचे.

मग एकदा भर दुपारी मी मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, लाखोरीची डाळ पाखडत बसले होते. पुढून बाबांचा आवाज आला.

"मोना."

मी ऐकलं. ऐकू आलं नाही, असं नाही. मला वाटलं, रस्त्यानं कोणाची तरी पोरगी जात असेल, तिला तंबाखूचा खर्रा आणायला बोलावत असतील. मी डाळ पाखडत राहिले. परत हाक आली, जरा मोठ्यानं.

"मोना!"

काय कार्टी आहे, मी मनात म्हटलं, म्हातारा माणूस एवढ्या हाका मारतो आणि ही ओ देत नाही. डाळीत एक खडा दिसला, तो वेचून फेकला. पुढे काही आवाज नाही. मी आणखी ओंजळभर डाळ सुपात घेतली.

"कीर्तीबाई."

"ओ, आली," म्हणून मी लगेच उठले.

सपरीत आले तर बाबा कोपरावर जोर देऊन अर्धे उठले होते आणि मी येते त्या दाराकडेच पाहत होते. रस्ता रिकामा होता. रस्त्यावर कोणाचीही पोरगी नव्हती.

"काय पाहिजे बाबा?"

"काही नाही. पाणी दे."

पाण्याचा भरलेला तांब्या त्यांच्या उशाशीच होता. तो दिसला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाटेच्या कडेला बसले.

"मले वाटलं, दुसऱ्या कोणाले बोलावून राहिले," मी म्हटलं.

"हो," बाबा म्हणाले. "मले बी तसंच वाटलं."

मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. त्यांना तहान नव्हती. तरी त्यांनी ते सगळं संपवलं आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.