पक्कडची पहिली रेघ

बालवर्गाच्या बाईंना नोकरीवरून काढलं. म्हणजे तसं काही झालंच नाही. तुम्ही वाचलं नाही, मी बोललो नाही, चला पुढे.

बाईंचं म्हणणं एवढंच, की बोटांत जोर नसताना हातात पेन्सिल देणं म्हणजे रांगणाऱ्याला शर्यतीत उतरवणं. म्हणून तीन महिने त्यांच्या वर्गात अक्षर औषधालाही नव्हतं. पोरं कणीक मळत, कागद फाडत, दोरीला कपड्यांचे चिमटे लावत आणि नट-बोल्ट फिरवत. सगळ्यांत तरबेज ती पोरगी, जिला सगळा वर्ग 'पक्कड' म्हणायचा, वय साडेचार. तिने आजवर दाराची कडी, कपाटाची मूठ आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा एक पाय सोडवला होता. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक खुर्चीत होते.

"बाई, पोरीला शाळेत घातलंय की गॅरेजात?" तिच्या बाबांनी विचारलं.

"हात तयार होतोय तिचा."

"होतोय ना! काल घरचा नळ हातात घेऊन आली."

शेवटी तपासनीस आले. पेन टेबलावर ठेवून त्यांनी वह्या चाळल्या. सगळ्या कोऱ्या करकरीत.

"एक रेघसुद्धा नाही?"

"हात तयार झाला की येईल, साहेब."

"आता तुम्ही तयार व्हा, घरी जायला."

त्यांनी ऑफिसातून आदेश टाइप करून आणवला: 'वर्गातील एकाही मुलास रेघ ओढता येत नसल्याने बाईंना कमी करण्यात येत आहे.' सहीसाठी पेन उचललं, तर हातात नुसती नळी. रिफिल आणि स्प्रिंग पक्कडच्या ओच्यात. ऑफिसातून दुसरं पेन मागवलं. तेही नुसती नळीच.

"ए, जोड ते!"

"साहेब, ओरडून स्प्रिंग बसत नाही," बाई म्हणाल्या.

"बाळ... जोडतेस का?"

पक्कडने चिमटीत स्प्रिंग धरली, रिफिल सरकवली, पेच आवळला. जोडलेली वस्तू चालवून बघायची, हा वर्गाचा नियम. तिने पेन तीन बोटांत अलगद धरलं आणि समोरच्या कागदावर, सहीच्या जागी, सरळ उभी रेघ ओढली.

बाईंचे डोळे भरून आले. मग कागद कुठला ते दिसलं आणि तोंडचं पाणी पळालं.

"सही झाली की!" मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणजे बाई गेल्या."

तपासनिसांनी आदेश वाचला, रेघ पाहिली, पुन्हा आदेश वाचला. रेघ ओढता येत नाही म्हणणाऱ्या कागदावरच रेघ होती. त्यांनी तो फाडला आणि वरिष्ठांना अर्ज लिहायला बसले. पेन्सिलीने, कारण पेन पुन्हा पक्कडच्या ओच्यात गेलं होतं.

'सबब, साडेचार वर्षांच्या बोटांना न उघडणारे एक पेन या कार्यालयास तातडीने, तीन प्रतींत, पुरवण्यात यावे, ही नम्र विनंती.'