मुकादमबाईंनी निवडलेला पग

तिला घरीदारी सगळे मुकादमच म्हणत. कापड गिरणीत मागांच्या खात्यावर तिने तीस वर्षं मुकादमी केली आणि त्या खडखडाटाने तिचे कान नेले. पण ओठ वाचायची विद्याही त्याच खात्याने दिली. शंभर माग एकदम चालत असताना तिथे कोण कुणाचं ऐकणार! समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, की झालं काम.

त्यामुळे ऐकू येत नाही याचं तिला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते नवऱ्याला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस शांत आणि पक्का विसरभोळा. एका दुपारी किल्ली दुकानात विसरून घरी आला आणि पाऊण तास दारातच उभा राहिला. घंटा वाजवली, दार बडवलं. शेजारची तिन्ही दारं उघडली, आपलं तेवढं उघडेना. आत मुकादम निवांत चादरींच्या घड्या घालत होती.

त्यांची लेक नर्स होती. तिला हे कळलं तशी ती तडक आली.

"आई, घंटेला दिवा लावून घे. वाजली की पेटेल."

"आणि मी पाठ करून भांडी घासत असले, तर तो माझ्या पाठीला दिसणार का? त्यापेक्षा कुत्रा आणू. छोटासा, मागे मागे फिरणारा."

चहा निवायच्या आत कुत्रा आणायचं ठरलंसुद्धा. अडलं ते कुठला यावर. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लेकीने दोन ठिकाणं शोधली. एका बेकरीवाल्याकडे डॅशहाउंडची पिल्लं होती, आणि एका चित्रकलेच्या शिक्षिकेकडे दीड वर्षाचा पग. शिक्षिकेला परगावी नोकरी लागली होती आणि तिथल्या घरात कुत्रा चालणार नव्हता.

नवऱ्याचं मन आधीच डॅशहाउंडवर बसलं होतं. "जीव एवढासा, पण आवाज केवढा असतो त्यांचा!" हे तो सगळ्या रस्ताभर सांगत होता.

बेकरीवाल्याच्या दारात पाय ठेवला मात्र, टेबलाखालून एक लांबुळकं, तपकिरी पिल्लू तुरुतुरु पुढे आलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं.

"बघ! बघ!" नवरा खुलला. "आपण आलोय हे लगेच सांगितलं की नाही?"

"कुणाला सांगितलं?"

"अगं, भुंकला ना! केवढ्याने!"

मुकादमने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "अहो, घंटा ऐकू येत नाही म्हणून कुत्रा आणायचा. मग कुत्रा ऐकू यायला काय आणायचं?"

लेक खिडकीकडे वळून हसू दाबत राहिली. बेकरीवाला मात्र सरळ माणूस निघाला. हातांचं पीठ झटकत म्हणाला, "तिसरा मजला म्हणता, तर खरं सांगतो. यांची पाठ लांब, पाय आखूड. रोजचे जिने यांच्या पाठीला झेपत नाहीत. उचलून न्यावं लागेल."

"मी उचलीन की," नवरा म्हणाला.

"तुम्ही दिवसभर दुकानात. उचलणार मीच, या गुडघ्यांनी." तिने पिल्लाला मांडीवर घेऊन त्याचं पोट खाजवलं. "गुणाचं आहे हो. पण आमच्या घरचं नाही."

शिक्षिकेच्या घरात निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. खोक्यांच्या मधून पग आला. भुंकला नाही की धावला नाही. प्रत्येकाचे पाय हुंगून झाल्यावर त्याने मुकादमच्या गुडघ्यावर दोन्ही पंजे टेकवले. ती मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. त्याने पुन्हा पंजा मारला. ती खाली बघेपर्यंत तो मारतच राहिला.

"हा तर तोंडच उघडत नाही," नवरा हिरमुसला.

"भुंकायचा त्याला कंटाळा आहे," शिक्षिका म्हणाली. "आणि घोरतो, हे आधीच सांगून ठेवते."

"ऐकलंस? घोरतो म्हणतात!"

"मला काय त्याचं!" मुकादम म्हणाली.

तरी तिने घाई केली नाही. त्याचे डोळे पाहिले, तोंडाच्या घड्या उलगडून आतली कातडी पाहिली. त्याला एक जिना चढवला, उतरवला. लेकीने घड्याळ लावून त्याचा श्वास मोजला. "नाकपुड्या मोकळ्या आहेत. पण भर उन्हात न्यायचं नाही आणि वजन वाढू द्यायचं नाही."

"हाच," मुकादमने सांगितलं, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नवऱ्याने बाहेरून घंटा वाजवायची, ती वाजली हे मुकादमला कळावं म्हणून आतून लेकीने बोट वर करायचं, आणि पगने गुडघ्याला पंजा लावला की मुकादमने एक दाणा द्यायचा, तोही त्याच्या जेवणातूनच काढलेला. दोन दिवसांत त्या लबाडाने हिशेब ओळखला आणि घंटा नसतानाही पंजे मारू लागला. मुकादम ढिम्म हलली नाही. "गिरणीत असले पुष्कळ सरळ केलेत मी." तीन आठवड्यांत हाही सरळ आला.

मग एका सकाळी ती कपडे धूत होती. पगने पोटरीला पंजा मारला, दाराकडे धावला, परत येऊन पुन्हा मारला. तिने ओल्या हातांनीच दार उघडलं. दारात तळमजल्यावरची शिंपीण होती.

"अगबाई, उघडलंत!" शिंपीण म्हणाली. "मी राहायला आल्यापासून चारदा येऊन गेले. मला वाटलं, तुम्हाला माणसांचा तिटकारा आहे."

"तिटकारा कसला? कान गेलेत माझे. समोर बघून बोल, सगळं कळतं मला. ये आत."

शिंपीण आली ती जेवायची वेळ झाली तरी उठेना. तिच्याकडे बोलण्यासारखं खूप होतं, आणि इतकं लक्ष देऊन, डोळे न हलवता तिचं बोलणं आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुकादम पगला घेऊन तिच्याकडे खाली गेली. मग तिसऱ्या दिवशीही. कोपऱ्यावरच्या फुलवालीची ओळख झाली, न्हाव्याची झाली. सगळ्यांना तिने एकच शिस्त लावली: तोंड माझ्याकडे ठेवा आणि पुटपुटू नका.

महिन्याभराने लेकीने वडिलांच्या दुकानात फोन केला. "बाबा, आई कशी आहे?"

"मजेत असावी," घड्याळवाला म्हणाला. "हल्ली भेटायचं म्हणजे शिंपिणीकडे निरोप ठेवावा लागतो."