नाचणारा ससा

मिन्हाच्या अंगावर सर्रकन काटा आला. सोल्बीचं हसू तिनं संगणकावर ताणून संथ केलं होतं, आणि आता ते चक्क रडण्यासारखं ऐकू येत होतं.

सोलमधल्या मांगवॉन वस्तीतल्या तळघरातल्या स्टुडिओत भरदुपारी ती क्लबात वाजवायचं गाणं रचत बसली होती. गाणं कशावर, तर फोनच्या पडद्यात विरून गेलेल्या मैत्रिणींवर! त्यासाठी कॉलेजातल्या जिवलग सोल्बीचे जुने व्हॉइस मेसेज तिनं उकरून काढले होते. माणूस नको, त्याचं हसू तेवढं हवं. काय म्हणावं या पोरीला!

हा सोल्बीचा शेवटचा मेसेज, काही वर्षांपूर्वीचा. मिन्हानं तेव्हा सुरुवातीचं हसू तेवढं ऐकलं आणि उत्तरादाखल नाचणाऱ्या सशाचा स्टिकर टाकून दिला. सगळेच टाकतात. आज तिनं गोंगाट पुसला, आवाज चढवला, तर हसण्याच्या शेपटाला पुटपुटणं सापडलं. "मिन्हा, एकदा फोन कर ना गं. जमलं तर."

त्यानंतर सोल्बीचा ना मेसेज, ना फोटो. मिन्हानं घाईघाईनं लिहिलं, "कशी आहेस?" मेसेजशेजारी पिवळा एकचा आकडा उमटला. पलीकडच्यानं वाचलं की तो जातो. कॉफी निवून गेली तरी एक आपला तिथेच.

"अगं, मग फोन लाव की!" गराम ऑन्नी खेकसली. तळघर दोघींचं, पण ती वयानं मोठी म्हणून ऑन्नी, म्हणजे ताई, आणि मोठी म्हणून तोंडाळ.

"असा एकदम? ऑन्नी, फोन कोण करतं? कोणी गेलं तरच करतात."

"आणि तीच भीती वाटतेय ना तुला? अख्ख्या क्लबला तिचं हसू ऐकवणार, आणि नंबर लावायला हात कापतोय!"

मिन्हानं कसाबसा नंबर लावला. तळलेली कोंबडीसुद्धा बोटानं मागवणारी ही पिढी, तोंड उघडायचं म्हटलं की गाळण उडते. रिंग वाजू लागली. आता सोल्बीची आई उचलणार आणि म्हणणार, फार उशीर केलास बाळा. मिन्हाला दरदरून घाम फुटला.

रिंग थांबली.

"मिन्हा? काय झालं? कोण गेलं?" सोल्बीच! तिचाही आवाज थरथरत होता.

"कोणी नाही गं," मिन्हाला हुंदका फुटला. "तू... तू बरी आहेस ना?"

"आहे की! जीव घेतलास माझा, सटवे!" सोल्बी हसली. तेच हसू.

"त्या शेवटच्या मेसेजमध्ये तू फोन कर म्हणाली होतीस. मी आज ऐकलं."



"बाबा गेले होते माझे," सोल्बी म्हणाली. "एकदम कसं सांगायचं, म्हणून हसून सुरुवात केली. मग अंत्यविधीचे तीन दिवस काळे कपडे घालून दारात उभी होते, भेटायला येणाऱ्यांसाठी. कोणीही आलं की वाटायचं, तूच."

"आणि मी..."

"तू ससा पाठवलास. किती वेळ नाचत होता गं तो."