कोळ्यांच्या खोलीतली पणती

दिवाळी झाली आणि अंगद बायकोपोरांना घेऊन ऊसतोडीला गेला. खर्डा गावाच्या कडेचं ते घर त्याच्या बापाला, कारभारीनानांना, खायला उठलं. म्हणून कॉलेजच्या पंकजा मॅडमनी प्रयोगाचे कोळी ठेवायला अंगदची खोली मागितली, तेव्हा नानांनी त्यांना दुसऱ्यांदा विचारायची वेळही येऊ दिली नाही, लगेच हो म्हटलं.

खिडक्यांना काळं कापड लागलं. चाळीस डब्या, चाळीस कोळी. सकाळी आणि संध्याकाळी सातला मॅडम यायच्या आणि बॅटरीच्या लाल, कोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात एकेकावर फुंकर मारायच्या. कोळी पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करायचा. किती वेळ करतो, ते त्या मोजायच्या. काहींना मेंदूतल्या एका द्रव्याचा थेंब दिलेला असे, ते लवकर धीट होऊन हलू लागत. बाकीचेही अंधारातसुद्धा संध्याकाळ ओळखून धीट होतात, अंगातच घड्याळ असतं त्यांच्या, असं त्या सांगत. नानांना एवढं बोलणं दिवसभर पुरायचं. गावात दुसरं बोलायला होतं कोण?

तिसऱ्या आठवड्यात आकडे बिनसले. संध्याकाळीही कोळी बराच वेळ निपचित पडून राहू लागले. खोलीत कुणी उजेड केला का, उजेडानं त्यांचं घड्याळ चुकतं, मॅडमनी विचारलं.

दिवेलागणीला नाना रोज तिथे पणती लावत आणि मॅडम यायच्या आत उचलून आणत. उजेड नको, असं त्यांना बजावलं होतं. पण पणती म्हणजे काही उजेड नव्हे, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती. आता नाही म्हटलं असतं तर पचलं असतं, डब्याही राहिल्या असत्या. पण म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"म्याच लावतो पनती, ताई. पोरं परमुलखात हायेत. त्यांच्या खोलीत तिन्हीसांजंचा अंधार ठिवत न्हाईत."

महिनाभर पणती नको, मग पुन्हा इथेच सुरू करू, असं मॅडमनी समजावलं. नानांच्या ओठांवर होकार आला होता. एकटेपणाची त्यांनी धास्तीच घेतली होती. पण फडात कोयता चालवणारा अंगद डोळ्यांपुढे आला.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डब्या न्यायला टेम्पो आला. मॅडम रागावल्या नाहीत, उलट जाताना पाया पडल्या. ते नानांना जास्त लागलं.

टेम्पो गेल्यावर ते खोलीचं दार हळूच ओढायला लागले. कोळी दचकू नयेत म्हणून तशी सवयच लागली होती. मग त्यांच्या लक्षात आलं, आत कुणी नाही. त्यांनी दार आपटून पाहिलं. दचकले ते स्वतःच.