भिंतीवरची बेचाळीस मापं

"चुना कोणी मारायला सांगितला?" भालचंद्र कारखान्याच्या दारातूनच ओरडला.

"मी," मालक संग्रामसिंह शांतपणे म्हणाले. "उद्या खंडेनवमी. अवजारांची पूजा काय असल्या गंद्या दिवारीसमोर करायची?"

त्याच भिंतीवर मुरार भागातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या बेचाळीस खिडक्यांची मापं खडूने लिहिलेली होती. ग्रिल दहा दिवसांत द्यायचे होते. बिर्ला नगरच्या या कारखान्यात भालचंद्र अकरा वर्षं कारकुनी करत होता आणि अकरा वर्षं एकच रडगाणं गात होता: मापं वहीत लिहा, कोणतं काम कोणाकडे, कधी द्यायचं, सगळं लिहा. पण पालथ्या घड्यावर पाणी! सारा कारभार एक भिंत आणि एक मिस्त्री यांच्या भरवशावर.

"उमाजींना सगळं याद आहे," संग्रामसिंह म्हणाले. "असं करा भालचंद्रराव, त्यांचं एक जरी माप चुकलं तर उद्यापासून तुमची वही चालू. वचन!"

भालचंद्राला चुना मारणाऱ्याचे आभार मानावेसे वाटले.

उमाजी मिस्त्री साठीचे. डोळे मिटून धडाधड मापं सांगत गेले. भालचंद्राने ती कागदावर उतरवली आणि त्यांना स्कूटरवर बसवून थेट मुरार गाठलं.

पहिली खिडकी दोन इंच चुकली. दुसरी तीन. तिसरी तर दुसऱ्याच कुठल्या इमारतीची असावी. जिंकलो, असं मनात म्हणत भालचंद्र वळला. उमाजी चौकटीला हात लावून उभे होते.

"सालभर हेच होतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून तर रोज दिवार वाचायचो. मालकांना नका सांगू. घरी बसवतील."

भालचंद्राला संताप आला. त्यांचा, मालकांचा आणि स्वतःचाही. या माणसाला कधी कोणी विचारलंच नव्हतं की बाबा, तुला झेपतंय का?

तेवढ्यात मालकांचा फोन आला. "काय, चुकलं का एखादं?"

"त्यांची मापं बरोबर होती," भालचंद्र म्हणाला. "लिहिताना मीच गडबड केली. पुन्हा मोजून आणतो."

मालक मोठ्याने हसले. "बघा! तरी मी म्हणत होतो, लिहिण्याबिहिण्याचं काही खरं नाही."

भालचंद्राने फोन ठेवला आणि टेप उमाजींच्या हातात दिली.

उमाजींनी चष्मा पुसला. टेप चौकटीला लावली, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"साडेछत्तीस," ते म्हणाले. "लिहा. नीट पाहून सांगतोय."