माझ्या चेहऱ्याने उघडलेलं खातं

माझा मुलगा लवू जहाजावर असतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला की नात ईशा फोन माझ्या तोंडासमोर धरते आणि हुकूम सोडते, "आजी, तू पप्पांना अंधारात दिसतेस. मान डावीकडे कर. आता उजवीकडे. जरा हस." मी मुकाट ऐकते. मागच्या महिन्यात अशीच मान फिरवली, पण लवू काही दिसला नाही. "रेंज गेली," ईशा म्हणाली. मला तेव्हा त्या रेंजचाच राग आला होता.

काल दुपारी ईशा चित्रकलेच्या क्लासला गेली, आणि घरी राहिलेल्या तिच्या टॅबवर मेसेज आला. 'मांडवीला पोचलो. जेटीवर ये. घरी सांगू नको.'

ईशा तेरा वर्षांची आहे. सून नम्रताला ऑफिसात फोन लावला, तर ती मलाच समजावायला लागली. "आई, सरकारचा नवीन नियम आलाय. मुलांच्या खात्यावर अनोळखी माणसाला लिहिताच येत नाही."

नियमाचं कौतुक तिला भारी. मी टॅबवर बघत म्हटलं, "मग ह्या खात्यावर ईशाचं नाव आणि फोटो माझा कसा गो?"

आता तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "वय तपासायला चेहरा दाखवावा लागतो. तोच फोटो खात्यावर लागतो. तिने तुमचा दाखवलाय, आई. खातं मोठ्या माणसाचं झालंय. तुम्ही जवळ आहात, आधी निघा. मी पोलिसांना कळवून येतेच."

रिक्षात एकच विचार डोक्यात होता. पोरांसाठी सरकारने कुंपण घातलं आणि त्याचं फाटक मी हसत हसत उघडून दिलं होतं. रिक्षावाल्यावर उगाचच दोनदा खेकसले. भीती वाटली की मी अशीच खेकसते.

ईशा जेटीच्या कठड्यावर एकटीच बसली होती. मी आधी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कोण येणार हाय गो?"

"मित्र आहे, आजी. पंधरा वर्षांचा. पुण्याहून आलाय."

"पंधराचा कशावरून?"

"त्यानेच सांगितलं. त्यानेपण माझ्यासारखंच केलंय. काकांचा चेहरा दाखवून खातं उघडलं." तिने फोन पुढे केला. फोटोत चाळिशीचा माणूस होता. चष्मा, मागे सरकलेले केस, बारीक हसू.

हा काकाच तो 'पंधरा वर्षांचा मित्र', हे मला कळलं. ईशाला मात्र काहीच कळलं नव्हतं. "चल घरी," एवढंच कसंबसं म्हणून मी तिला ओढत उठवलं. तेवढ्यात भेळेच्या गाडीकडे तिची नजर गेली आणि ती खूश झाली.

"आजी, थांब ना. बघ, त्याचे काका आलेत त्याला सोडायला," ती म्हणाली आणि मोकळा हात वर करून त्या माणसाला बोलावू लागली.